रापी, फोम आणि रंकाळ्यावरचा शेवट

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, कोल्हापुरात एका बँकेत नोकरी करते. गेली ७ वर्षं टोपणनावानं इंग्रजीत फॅनफिक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी, लिहिते आहे. ॲनिमेमधली (जपानी कार्टून मालिकांमधली) पात्रं, आणि बहुतेक दोन मुलींच्या प्रेमाच्या गोष्टी. आता पहिल्यांदाच मराठीत, स्वतःच्या पात्रांची कादंबरी लिहिली. १९ प्रकरणं झालीत. रेवा ही चप्पल लाईनीतल्या कारागिराची मुलगी. सायली वडिलांच्या बदलीमुळे पुण्याहून राजारामपुरीत आलेली, शिवणकामात हुशार. दोघींना कॉस्प्लेचं, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख करून मिरवायचं, वेड. मुंबईच्या कॉमिक कॉन या चाहत्यांच्या मेळ्यासाठी मिळून पोशाख करताना त्या प्रेमात पडतात. शेवटी घरी कळतं, रेवाचे वडील तिला मारतात आणि ती रंकाळा तलावात जीव देते. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला वाचायला दिलं. ती म्हणाली, "छान आहे, पण कोल्हापुरात असलं कुठं असतंय? मुंबईत घाल." दुसरं म्हणजे रेवा 'मी आलो, मी करतो' असं बोलते, ते बाहेरच्यांना चुकीचं वाटेल का? आणि शेवट खरा वाटतो का? पहिलं, चौथं आणि शेवटचं प्रकरण आणि कथासार सोबत पाठवते आहे. ता. क. रेवा पूर्ण काल्पनिक नाही. तिला अजून माहीत नाही.
— नाव छापू नये, कोल्हापूर

प्रिय लेखिके,

तुझं चौथं प्रकरण मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं. रेवा माडीवर बसून चिलखताचा खांदा कापते आहे. कटरनं फोम फाटतो म्हणून तिनं वडिलांची रापी, चामडं कापायची सुरी, उचलली आहे, न विचारता. जिन्यात पावलं वाजतात. वडील येतात, मांडी घालून बसतात, फोमचा तुकडा अंगठ्यानं दाबून बघतात आणि म्हणतात, "कड सरळ मारू नगंस. तिरकी घे. जोड दिसला न्हाई पायजे." मग तिच्या हातातली रापी घेऊन एक कड तासून दाखवतात, चामड्याची तासतात तशी. हे चिलखत कुठल्या मालिकेतल्या कुठल्या योद्ध्याचं, हे ते विचारतही नाहीत. सायली शेजारी चिकटवायच्या सोल्युशनचा डबा धरून बसली आहे आणि रेवाच्या मानेला चिकटलेला फोमचा काळा भुगा बघते आहे. तो झटकावा की झटकू नये, यात तिचा अख्खा परिच्छेद जातो. प्रकरण संपतं आणि प्रेम हा शब्द एकदाही आलेला नसतो.

हस्तलिखितं वाचणं हे माझं तीस वर्षांचं काम आहे. असं पान वर्षाकाठी एखादं येतं. म्हणून तुझा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात आधी घेते, कारण एकोणिसावं प्रकरण वाचून मला रात्री झोप लागली नाही, आणि ती चांगल्या अर्थानं नव्हे.

एकोणिसाव्या प्रकरणातला बाप मला ओळखता आला नाही. ज्या माणसानं न विचारता रापी उचलल्याबद्दल पोरीवर न रागावता ती कशी चालवायची ते दाखवलं, तोच माणूस दाराला कडी घालून पट्टा काढतो. मधल्या प्रकरणांत त्याचं काय झालं? तू पाठवलेल्या कथासारात त्याबद्दल एक ओळ नाही. असे बाप असतात. आपल्याकडे मुलींना कोंडून ठेवतात, महिन्याभरात स्थळ बघून उजवून टाकतात, हे मला माहीत आहे आणि मी ते झाकायला सांगत नाही. पण तुझ्या गोष्टीतला बाप तसा नाही. तूच त्याला तसा घडवला नाहीस. मग शेवटी त्याच्या हातात पट्टा कुणी दिला? मला वाटतं, 'अशा' गोष्टी अशाच संपतात, या समजुतीनं दिला.

ही समजूत तुझ्याकडे वारशानं आली आहे. मुलीवर प्रेम करणारी मुलगी मराठी नाटकाची नायिका झाली ती १९८१ साली, तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये. त्या काळात ते लिहायला आणि रंगमंचावर उभं करायला केवढं बळ लागलं असेल, त्याबद्दल मला फार आदर आहे. पण ती मित्रा शेवटी जीव देते. त्याला आता चाळीस वर्षं उलटून गेली. तरी २०२० नंतर लिहायला बसलेल्या, खिशात स्वतःच्या पगाराचं एटीएम कार्ड असलेल्या तुलाही नायिकेला पाण्यात ढकलल्याशिवाय गोष्ट खरी वाटत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

आणि तू ७ वर्षं काय लिहीत होतीस ते आठव. फॅनफिक्शन मुळात कशासाठी जन्माला आलं? १९७० च्या दशकात अमेरिकेत 'स्टार ट्रेक' बघणाऱ्या बायकांनी त्यातल्या दोन नायकांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहिल्या. टाइप करायच्या, प्रती काढायच्या, पोस्टानं एकमेकींना पाठवायच्या. आपल्याकडे कॉलेजात हस्तलिखित अंक निघायचे तसाच जिव्हाळ्याचा उद्योग. दोन नावांच्या मधे तिरकी रेघ द्यायच्या, म्हणून त्या प्रकाराला स्लॅश म्हणू लागले. तिकडे जपानमध्ये १९७५ साली चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा बाजार भरू लागला आणि त्यातही मुलींचा भरणा मोठा होता. याच परंपरेतून उभं राहिलेलं, चाहत्यांनीच चालवलेलं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे भांडार, ज्यावर बहुधा तूही लिहीत असशील, त्याला २०१९ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. या सगळ्या बायकांनी एकच काम केलं: मूळ लेखकानं ज्यांना एकत्र येऊ दिलं नाही, त्यांना एकत्र आणलं. तूही तेच केलंस. परक्या देशातल्या, परक्या लेखकाच्या मुलींना तू ७ वर्षं घर दिलंस, भांडणं दिलीस, समजूत दिलीस, सकाळचा चहा दिलास. आणि पहिल्यांदा आपल्या गावातल्या मुलीची पाळी आली तेव्हा तिला रंकाळा दिलास.

रोमान्स हा कादंबरीचा प्रकार एका करारावर उभा असतो. वाचक म्हणतो, तू मला कितीही रडव, शेवटी ही दोघं एकत्र असतील हे मला कबूल कर. हा करार हलका नाही. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकानं १९१३-१४ मध्ये दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली आणि ठरवून तिचा शेवट सुखाचा केला. त्याच्या देशात तेव्हा अशा प्रेमाला तुरुंग होता. जिवंतपणी त्यानं ती छापली नाही. १९७० मध्ये तो गेला, १९७१ मध्ये कादंबरी आली. यातला आपला धागा सांगते: हाच फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या (शाखेच्या) तुकोजीराव महाराजांचा खासगी सचिव होता आणि हे तुकोजीराव म्हणजे आपल्या राजर्षी शाहू महाराजांचे जावई. म्हणजे कोल्हापूरच्या जावयाच्या पदरी नोकरी करणाऱ्या माणसाकडे तेव्हा तशी एक गोष्ट लिहून पडली होती, आणि तिच्यातली माणसं शेवटी जगली होती. तुला तर पन्नास-साठ वर्षं थांबायचं कारणही नाही.

इथे मधेच एक विचारते, आणि हे कादंबरीबद्दल नाही. रंकाळ्याचं ते पान लिहिताना ते फक्त रेवाचं होतं ना? तुझ्या स्वतःच्या मनात तसं काही येत असेल, कधी आलं असेल, तर कादंबरी बाजूला ठेव आणि आधी कुणाशी तरी बोल. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मला लिहिलंस तरी चालेल, पण माझं उत्तर यायला दिवस लागतात. फोन लगेच लागतो.

आता शेवट काय करायचा. सगळी चप्पल लाईन टाळ्या वाजवायला उभी करू नकोस, ते मलाही पटणार नाही. कायद्यानं काय आहे ते तुला माहीत असेलच: ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचं परस्परसंमतीचं प्रेम बाहेर काढलं, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. म्हणजे तुझ्या मुली गुन्हेगार नाहीत, पण नवरी-नवरीही होऊ शकत नाहीत, निदान कागदावर. या दोन तारखांच्या मधे माणसं रोज संसार करतातच. तू बँकेत आहेस. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या वित्त मंत्रालयानं स्पष्ट केलं की क्वीअर जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. तुझ्या काउंटरवर रोज येणारा तो फॉर्म, त्यातला 'नातं' हा रकाना, आणि पेन हातात धरून थांबलेली सायली. हे दृश्य तू सोडून दुसरं कोण इतकं जवळून लिहील?

आणि वडील. मी त्यांच्या तोंडी एकही मोठं वाक्य घालणार नाही. त्यांना कळलं आहे. ते आठ दिवस बोलत नाहीत, जेवायला माडीवरून खाली येत नाहीत, रेवाची आई दोन्हीकडे ताट नेते. नवव्या दिवशी सायली घाबरत घाबरत रेवाचं राहिलेलं सामान न्यायला येते. ते तिला बस म्हणत नाहीत. जुना वर्तमानपत्राचा कागद जमिनीवर पसरतात, कानावरची पेन्सिल काढतात आणि म्हणतात, "पाय ठेव." सायली पाय ठेवते. ते पावलाभोवती रेघ ओढतात, अंगठ्यापाशी जरा सैल. मला एवढंच सुचलं. तुला नको असेल तर सोडून दे, पण त्यांच्या हातात काही द्यायचंच असेल तर पेन्सिल दे.

मुंबईचा प्रश्न. तुझ्या मैत्रिणीवर रागावू नकोस, तिनं जे ऐकलं तेच सांगितलं. पण 'असलं' म्हणजे नेमकं कोणतं? मुलींचं प्रेम म्हणत असेल, तर त्याला पिनकोड नसतो. चाहत्यांचं वेड म्हणत असेल, तर तिला शाहू स्टेडियमवर घेऊन जा. पाटाकडील आणि खंडोबा हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की सख्खे मित्र दोन दिवस बोलत नाहीत. वर्ल्ड कप आला की पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, आणि ते लावणाऱ्यांतल्या बहुतेकांनी दोन्ही देश नकाशातच बघितलेले असतात. न पाहिलेल्या माणसासाठी घसा बसेपर्यंत ओरडणं आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि कॉस्प्ले? बालगंधर्वांची साडी बघून घरोघरच्या बायका तशी नेसायला लागल्या होत्या. १९२१ साली 'संयुक्त मानापमान' या नाटकात आपल्या कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी झाले, आणि त्या दोन पुरुषांचा शृंगार बघायला लोकांनी जीव टाकला. रेवाच्या आजीला तिचं वेड समजावून सांगायचं असेल तर इथून सुरुवात कर.

तुझ्या पहिल्या प्रकरणातच याचं उत्तर आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसचा डबा, वरच्या बर्थवर चादरीत गुंडाळलेले फोमचे पंख, आणि खालच्या बर्थवरच्या मावशी विचारतात, "मखर हाय व्हय?" रेवा म्हणते, "व्हय." ही गाडी कोल्हापुरातून सुटलीच नाही तर हे 'व्हय' कुठून येणार?

आणि मुंबईत नेलंस तर सगळ्यात आधी क्रियापदं जातील. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे.

मी मंगळवार पेठेत वाढले. आई, आत्या, आजी, सगळ्या 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणायच्या. पुण्यात शिकायला गेले तेव्हा वसतिगृहातल्या पहिल्याच रात्री मी "मी जेवलो" म्हणाले आणि अख्खी खोली हसली. महिन्याभरात मी बदलले. दिवाळीला घरी आले, दारातून "आई, मी आले गं" म्हटलं, तर आई म्हणाली, "पावणी झालीस व्हय?" त्या दिवसानंतर मला ते 'आलो' कधी सहज जमलं नाही. तूही बघ, मला पत्र लिहिताना 'करते', 'पाठवते' लिहिलंस, आणि रेवाला मात्र तिचं बोलणं दिलंस. ते तिच्याकडून काढून घेऊ नकोस.

बाहेरचा वाचक एका जागी नक्की अडखळेल. मुलगी मुलीवर प्रेम करते आणि 'मी करतो' म्हणते, म्हणजे ती पुरुषासारखी आहे, असा अर्थ तो काढेल. त्याला तळटीप देऊ नकोस. पहिल्या प्रकरणातच रेवाची आई, शेजारची काकू, भाजीवाली, सगळ्यांच्या तोंडी तेच रूप येऊ दे. पाच पानांत वाचकाचा कान तयार होतो. आणि मग तुझ्या हातात एक अशी गोष्ट उरते जी तू इंग्रजीत लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीत तुला मिळाली नसती. सायली पुण्याची. ती 'मी आले' म्हणते. रेवा तिला चिडवते. मग कधीतरी, अकराव्या-बाराव्या प्रकरणात, दोघी रात्री उशिरापर्यंत पंख चिकटवत असताना लाइट जाते, रेवा अंधारात हाक मारते, आणि जिन्यावरून सायली म्हणते, "थांब, मी आलो." तिला स्वतःला कळतही नाही. रेवाला कळतं. दुसऱ्या कुठल्या भाषेत, दुसऱ्या कुठल्या गावात एका मुलीनं दुसरीला इतक्या कमी अक्षरांत होकार दिला असता, सांग मला. कुणी मुद्रितशोधक त्या 'आलो'चं 'आले' करेल. समासात 'तसेच ठेवा' लिही.

राहिला तुझा ता. क. तू तो शेवटी, एका ओळीत लिहिलास. मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

चप्पल लाईनीत किती दुकानं आहेत, त्यात किती कारागिरांना तुझ्या वयाची मुलगी आहे, आणि त्यातली कितीजणी फोमची चिलखतं करतात? कादंबरी छापून आली की पाच मिनिटांत नाव निघेल. कुणाचं गुपित, तिनं स्वतः सांगायच्या आधी, गावभर होईल. तुझा हेतू प्रेमाचा आहे हे मला दिसतं. तिच्या घरच्यांना, गिऱ्हाइकांना, पेठेला तो दिसणार नाही. तुझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीला रेवा कोण ते कळलं आहे का? कळलं असेल तर आजच तिच्याशी बोल, तिला हे पोटात ठेवायला सांग. आणि यापुढे हे बाड तिसऱ्या कुणाला देऊ नकोस. मीही ही तीन प्रकरणं कुणाला दाखवणार नाही, आणि इथे रेवाबद्दल जे लिहिलं आहे त्यातले ओळख पटेल असे दोन-तीन तपशील मी बदलले आहेत.

मग तिच्याकडे जा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवू नकोस, समोर जा. तिच्या घरी नको, जिथे कुणी डोकावणार नाही अशा ठिकाणी. दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेव. एक, मी तुझ्या आयुष्यातलं काही लिहिलंय, ते ठेवू का? दुसरी, मला तू आवडतेस. पहिली तुला विचारलीच पाहिजे, कारण ते तिचं आहे. दुसरी सांगायची की नाही, कधी, ते तुझं तू ठरव. पण चौथं प्रकरण वाचल्यावर तिला ती कळेलच, एवढं गृहीत धरून जा. मानेवरचा तो भुगा वाचून कुणालाही कळेल. तिला लगेच उत्तर मागू नकोस. तिला कदाचित तू आवडत नसशील, मुलीच आवडत नसतील, किंवा आवडत असूनही तिला हे मोठ्यानं म्हणायचं नसेल. यातलं काहीही झालं तरी तिनं तुझ्याबरोबर फोम कापायला बसावं अशी वाट मोकळी ठेव. शेवटचं प्रकरण मात्र तिला दाखवू नकोस. कुणालाच आपलं मरण असं टाइप केलेलं वाचायला देऊ नये.

ती हो म्हणाली तर मला कळव, मला फार आनंद होईल. ती नको म्हणाली तर काहीही वाद न घालता रेवाचं घर बदल, वडिलांचा धंदा बदल, चप्पल लाईन काढ. रापी जाईल, सोल्युशनचा डबा जाईल, चौथं प्रकरण जवळजवळ सगळं जाईल, आणि शेवटी मी सुचवलेला तो कागदही जाईल. मला वाईट वाटेल, तुला माझ्याहून जास्त वाटेल. तरी बदल. मग एखाद्या रविवारी हुपरीला जा, चांदीचं काम करणाऱ्या एखाद्या घरात परवानगी मागून बस, त्यांची हत्यारं कशी धरतात, पैंजणाचा जोड कसा लपवतात, ते बघ आणि लिहून आण. चिलखताला तेही चालेल. हुपरीला एसटी जाते.

तुझी,
ताई